माणदेशात घर बांधतोय, प्लॉट पश्चिममुखी, उन्हाचं काय करायचं?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव दहिवडीपासून १२-१३ किमी आत. आई आणि आण्णा दोघंच तिथे, मी पुण्यात. जुनं घर दगडमातीचं होतं ते पडत आलं म्हणून २००६ साली त्याच्याच जागेवर स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या आणि तेव्हापासून उन्हाळ्यात त्या खोल्यांत कुणी झोपत नाही. अतिशयोक्ती नाही. गेल्या मे महिन्यात रात्री साडेदहाला मी स्टुलावर चढून स्लॅबला खालून हात लावून बघितला, नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टाइतका गरम. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. आई गोठ्यासमोर कडुलिंबाखाली बाज टाकून झोपते, विंचूकाट्याची भीती असून. आण्णा ओट्यावर.

आता वस्तीवरच्या स्वतःच्या रानात नवीन घर बांधायचं ठरलंय, साधारण १४०० स्क्वेअर फूट, तळमजलाच. रस्ता पश्चिमेला आहे. ठेकेदाराने जो प्लॅन आणलाय त्यात रस्त्याच्या बाजूला म्हणजे पश्चिमेला हॉल, त्याला ८ बाय ७ ची सरकती काच, वर डबल हाइट, बाहेरून चकचकीत पॅनेल, आणि किचन नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. आण्णा रिटायर मास्तर आहेत, जन्मभर पोरांना पाढे म्हणायला लावून झाल्यावर आता त्यांचं एकच म्हणणं, एस्टीतून जाणाऱ्याला घर दिसलं पाहिजे. मला तो हट्ट समजतो हो, पण दुपारी एक वाजता आई त्या किचनमधे भाकरी थापत उभी असणार हे पण दिसतं.

माझं म्हणणं असं की एसी न लावता राहता येईल असं घर पाहिजे आणि लाइट बिल कमी. युट्यूबवर मातीची घरं, पोकळ विटांच्या भिंती, जमिनीखालून पाइप टाकून गार हवा वगैरे बघून बघून डोकं फिरलंय. वीट घ्यावी का एएसी ब्लॉक (ते हलके, सच्छिद्र सिमेंटचे)? स्लॅब का कौलं? सोलर किती किलोवॅट? पाया मुरमाचा आहे, काळी माती नाही. बजेट मध्यमवर्गीय, म्हणजे आहे तेवढंच आहे.

चुना_विटा_वाळू

मी आर्किटेक्ट आहे, काम सांगली आणि खटाव-माण-आटपाडी पट्ट्यातच जास्त, त्यामुळे तुमच्या ठेकेदाराचा प्लॅन न बघताही डोळ्यासमोर आला, कारण दर दोन किलोमीटरवर तोच आहे.

वीट का ब्लॉक हा प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न पश्चिमेच्या काचेचा आणि दुसरा छपराचा. त्या दोन गोष्टी चुकल्या तर भिंत सोन्याची बांधा, काही होत नाही.

काचेचं गणित आण्णांना मांडून दाखवा, मास्तर आहेत, पटेल. ८ बाय ७ म्हणजे ५६ स्क्वेअर फूट, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या काचेतून दर चौरस मीटरला पाचेकशे वॅट उष्णता सहज आत येते. म्हणजे अडीच किलोवॅटच्या वर. हिवाळ्यात खोलीत लावतात तो शेगडीसारखा हीटर साधारण एक-दीड किलोवॅटचा असतो. म्हणजे ४० डिग्रीच्या दुपारी हॉलमधे तुम्ही दोन हीटर लावून बसणार, आणि मग ते विझवायला दीड टनाचा एसी आणणार, ज्याची निम्मी ताकद नुसती त्या काचेशी भांडण्यात जाईल. पडदा लावला तरी उपयोग थोडाच, कारण ऊन काचेच्या आत आलेलं असतं, तापलेला पडदा खोलीतच असतो.

लोक म्हणतात मोठा छज्जा काढतो. दक्षिणेला छज्जा झकास चालतो, पश्चिमेला नाही. तुमच्या गावी मे महिन्यात चार वाजता सूर्य साधारण ४० अंशावर असतो, आठ फूट खोल ओसरी असेल तर साडेसहा फूट सावली पडते, छान. पण साडेपाचला सूर्य २० अंशाच्या खाली येतो आणि त्याच ओसरीत सावली तीन फुटांचीसुद्धा नाही, बाकी सगळं ऊन थेट भिंतीवर. उलट दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा साधा छज्जा टाकलात तर मार्चपासून भर दुपारी पूर्ण चार फूट खिडकी सावलीत, आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरलेला असतो म्हणून खालच्या अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन आत. फुकटात. आपल्याकडे अजून एक गंमत असते जी पुस्तकातल्या प्लॅनमधे नसते, मे ते जुलै भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला जातो, म्हणून उत्तरेलाही फूट-दीड फुटाचा छज्जा ठेवा.

मग पश्चिमेला काय? ज्या खोल्यांत कोणी दुपारी बसत नाही त्या. जिना, बाथरूम, धान्याची खोली, बाजरी-ज्वारीची पोती. त्यांनी ऊन खायचं. बसायच्या-झोपायच्या खोल्या पूर्व-उत्तरेला. किचन ईशान्येला किंवा पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर तिथे ऊन नाही (वास्तुवाले आग्नेय म्हणतील, तेही चालेल, नैर्ऋत्य मात्र कोणाच्याच शास्त्रात बसत नाही, हा मुद्दा आण्णांपुढे वापरा). एस्टीतून दिसायला पश्चिमेला खोल ओसरी द्या, दगडी खांब, बसायला कट्टा, संध्याकाळसाठी वरून गुंडाळायचे बांबूचे चिक. एस्टीतल्या माणसाला काचेपेक्षा ओसरीवर बसलेले आण्णा जास्त दिसतील.

छपराबद्दल रात्री लिहिते, साइटवर निघालेय.

कुडाळकर

एक कोकणी सल्ला. आमच्याकडचे फोटो बघून जांभ्याची घरं आणि मोठमोठ्या खिडक्या कॉपी करू नका. आमच्याकडे हवेत पाणी असतं, रात्र पण दिवसाइतकीच चिकट, म्हणून आम्हाला वारा लागतो, खिडक्या आरपार लागतात आणि लांब पडवी लागते पावसासाठी. तुमच्याकडे कोरडी हवा, दिवसा ४० तर पहाटे २४-२५. तुमचं घर दिवसा बंद आणि रात्री उघडं असायला पाहिजे.

आणि कौलांचं म्हणाल तर कौलं सुंदरच, पण आमच्या वाडीत निम्म्या लोकांनी उतरवून पत्रे घातले. कारण वानरं. एक टोळी येऊन गेली की शंभर कौलांचा चुरा, आणि आता कौलं शेकारायला माणूस मिळत नाही. तुमच्याकडे वानरं आहेत का ते आधी बघा आणि मगच कौलांच्या प्रेमात पडा.

माणदेशी_पोरगा

@कुडाळकर वानरं नाहीत, मोर आहेत आणि ते पत्र्यावर नाचतात :)

@चुना_विटा_वाळू ताई, हीटरचं गणित आण्णांना फोनवर सांगितलं. दोन मिनिटं शांत बसले आणि म्हणाले, काचेचं तोंड पूर्वेला केलं तर? म्हणजे काच सुटत नाहीये पण दिशा सुटली. प्रगती आहे.

डार्मश्टाटची_वहिनी

मी अठरा वर्षं जर्मनीत आहे, माहेर सोलापूर, म्हणजे दोन्हीकडचं अंगावर घेतलेलं आहे. आमच्या गावातच, क्रानिश्टाइन भागात, १९९१ मधे जगातलं पहिलं पासिवहाउस उभं राहिलं, आजही लोक राहतात त्यात. नियम असा की घर गरम ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे १५ युनिटपेक्षा जास्त लागता कामा नये. त्यासाठी भिंतींना थर्माकोलची जाडजूड गोधडी, तीन पदरी काचा आणि घर इतकं हवाबंद की ताज्या हवेसाठी मशीन लावावं लागतं.

भारतात आले की कोणीतरी नातेवाईक हमखास विचारतो की तिकडच्यासारख्या तीन पदरी काचा लावू का, एजंट म्हणतोय एनर्जी एफिशियंट आहेत. अरे बाबा, तिकडे सगळं कौतुक उष्णता आत कोंडून ठेवायचं आहे. तीन पदरी काच पश्चिमेच्या उन्हात बिनसावलीची लावलीत तर आत आलेलं ऊन बाहेर जायचं नाव घेणार नाही.

पण एक गोष्ट खरंच उचलण्यासारखी आहे. इथे खिडकीला बाहेरून फळ्यांचं शटर असतं, रोलाडेन म्हणतात, खोलीत बसून पट्टा ओढला की बाहेर खाली येतं. जुलैत ३५-३६ झालं की आमची शेजारची आजी सकाळी नऊला सगळी रोलाडेन पाडते आणि रात्री दहाला उघडते, घरात २४-२५. पंखा नाही, काही नाही. आणि मला माझी सोलापूरची आजी आठवते, तीही सकाळी दहाला लाकडी खिडक्या लोटून घ्यायची, दाराला ओलं पोतं लावायची आणि आम्हाला वाटायचं किती अंधारं ठेवते ही घर. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं, दोघींना तेवढं एकच कळलेलं होतं. तुमच्याकडे चिक म्हणा, लाकडी झडपा म्हणा, जाळी म्हणा, फक्त बाहेरून हवं.

चुना_विटा_वाळू

वहिनींनी अर्धं काम केलं माझं. आता छप्पर.

तळमजल्याच्या घराला उन्हाळ्यात सगळ्यात जास्त उष्णता डोक्यावरून येते, कारण दिवसभर ऊन पडणारी जागा तीच. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली तोंड करून ओकतो, तुम्ही साडेदहाला हात लावून बघितलात ते हेच. आपल्याकडे केंद्राची इको निवास संहिता आहे, २०१८ ची, त्यात छपरातून उष्णता किती आत यावी याची मर्यादा दिलीय, यू व्हॅल्यू (जितकी कमी तितकी उष्णता कमी येते) १.२. नुसता स्लॅब तिनाच्या वर असतो. गावाकडे ती तपासायला कोणी येत नाही, पण आकडा म्हणून लक्षात ठेवा.

मी काय करते ते सांगते. स्लॅब झाला, वॉटरप्रूफिंग झालं, की वर ५० मिमीची एक्सपीएस शीट (थर्माकोलची टणक बहीण, पाणी पीत नाही), त्यावर जाळी टाकून कोबा, आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझॅक. यू व्हॅल्यू ०.६ च्या आसपास येते. खर्च नुसत्या कोब्यापेक्षा वाढतो, पण एसीच्या किमतीशी तुलना करून बघा आणि एसी दर महिन्याला बिल पण मागतो. तेवढंही परवडत नसेल तर नुसती पांढरी मोझॅक करा. आणि जुन्या दोन खोल्यांसाठी तर आजच सांगते, मार्चमधे गच्ची झाडून चुन्याची निवळी दोन हात मारा, फेविकॉल घालून. हजार-दीड हजारात रात्रीची झोप बदलते. दर वर्षी मारावी लागते, पावसात धुऊन जाते.

शीट खालून लावायची नाही. ठेकेदार पीओपीच्या वर सिलिंगमधे शीट सरकवून देतो म्हणेल. वर स्लॅब तापतोच, सांधे सुटतात, आणि चिरा पडून पहिल्याच पावसात पाणी. गोधडी वरून घालायची.

भिंत: पश्चिम आणि दक्षिणेला एएसी ब्लॉक ८ इंची किंवा पोकळ वीटकाम, बाकी साधी ९ इंची वीट चालेल. एएसी ब्लॉक विटेपेक्षा बरीच कमी उष्णता जाऊ देतो, पण त्याला आतल्या गिलाव्यात केसांसारख्या भेगा येतात जर गवंड्याने नेहमीच्या सवयीने जाड सिमेंटचा माल लावला तर.

एकदा_बांधून_बसलेला

आता माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची वाचेल. बारामतीच्या बाजूला २०१९ ला बांधलं.

मी पण हट्टाने रॅट ट्रॅप करायचं ठरवलं. आर्किटेक्ट लॉरी बेकरांनी केरळात शेकडो घरांत वापरलेली पद्धत, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, म्हणजे ९ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा जवळपास चौथाई वाचतात आणि मधली हवा उष्णता अडवते. कागदावर झकास. गवंडी आमच्या गावचाच, हात चांगला, पण असलं काम आयुष्यात केलं नव्हतं. मी पुण्यात, शनिवारी येणार. पहिल्या शनिवारी बघतो तर भिंत खिडकीच्या तळाला आलेली आणि पोकळीत सगळा सिमेंटचा माल ठासून भरलेला. म्हटलं काका हे काय? म्हणाले, सायेब, पोकळ भिंत ठिवली तर उद्या गाव मलाच शिव्या घालंल, म्हणून भरून काढली, पैसं नगा देऊ जादाचं. त्या माणसाने प्रामाणिकपणे स्वतःच्या खिशाला चाट लावून माझी भिंत बिघडवली होती. काय बोलणार.

पाडली तेवढी. मग त्याला घेऊन एका झालेल्या साइटवर गेलो, चहा पाजला, तिथल्या गवंड्याशी बोलणं करून दिलं, त्यानंतर पठ्ठ्याने इतकी सुंदर भिंत काढली की बाहेरून गिलावाच केला नाही. पण अजून एक धडा बाकी होता, इलेक्ट्रिशियन. त्याने भिंत झाल्यावर झिरी मारायला मशीन लावलं आणि कडेवरची वीट थेट पोकळीत फुटली. रॅट ट्रॅपमधे लाइटचे पाइप भिंत चढतानाच टाकायचे, कुठे स्विच, कुठे फ्रिज, टीव्ही कुठे, सगळं विटेच्या पहिल्या थराआधी ठरलेलं पाहिजे. आमच्या घरी फ्रिज कुठे ठेवायचा हे गृहप्रवेशाच्या दिवशी ठरलं.

दुसरी चूक, हॉलच्या मधोमध वरून उजेड यावा म्हणून ४ बाय ४ ची काच टाकली, वाड्याच्या चौकासारखं वाटेल म्हणून. चौक उघडा असतो महाराजा, गरम हवा वर निघून जाते म्हणून तो चौक. मी वर काच लावून चौकाची भट्टी केली. आता बारा महिने त्यावर हिरवी शेडनेट बांधलेली आहे. आर्किटेक्टने सांगितलं होतं, काचेऐवजी वर चढवलेलं छोटं छप्पर आणि चारी बाजूंनी उभ्या झडपा ठेव, मीच ऐकलं नाही.

भिंतीचा फरक विचाराल तर तेवढा सांगतो. पश्चिमेच्या पोकळ भिंतीला संध्याकाळी सातला आतून हात लावा आणि शेजारी जिन्याजवळ साधी ६ इंची भिंत आहे तिला लावा. साधी ऊबदार लागते, पोकळ लागत नाही. बायकोने तिथेच देव्हारा केला.

बालाघाट

वरती कोणी मातीच्या घरांबद्दल काही लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी धाराशिव जिल्ह्यातला. आमचं जुनं घर माळवदाचं, दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, चिपाट आणि त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती, दर पावसाळ्याआधी अजून एक थर. मधे साणं, त्यातून उजेड आणि धूर दोन्ही. मे महिन्यात आत पाऊल टाकलं की अंगावरून गार फडकं फिरल्यासारखं वाटायचं. ते खोटं नाही.

पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्याच दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले, किल्लारीचा भूकंप झाला आणि तीच गार माती अंगावर आली. गोल गोट्यांच्या भिंती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतलेला नाही, वर टनावारी माती. हजारो माणसं गेली. मी सातवीत होतो. पुढचं लिहीत नाही.

म्हणून युट्यूबवर कोणी मातीची घरं दाखवून आपले पूर्वज किती शहाणे असं म्हणायला लागलं की मला चिडचिड होते. शहाणे होतेच, पण ते गार घर आणि ते जड छप्पर एकच होतं. मातीच्या भिंती करायच्याच असतील तर सिमेंट मिसळून दाबलेले ब्लॉक, जोत्याला, लिंटेलला आणि छपराखाली असे तीन आरसीसीचे पट्टे, कोपऱ्यात उभ्या सळ्या, आणि छप्पर हलकं. आणि तो हिशोब इंजिनियरने केलेला पाहिजे, मिस्त्रीने नाही. गारव्यासाठी वजन डोक्यावर घेऊ नका एवढंच.

चुना_विटा_वाळू

@बालाघाट दोन्ही हात जोडून +१. आमच्या कॉलेजात माळवदाचे फक्त फोटो दाखवले गेले.

तारा_मोजणारा

सोलर बसवायचा धंदा करतो म्हणून आधीच सांगतो, माझ्या बोलण्याला तेवढी कात्री लावून घ्या.

आधी खर्च कमी करा मग पॅनेल मोजा. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. सहा पंखे बारा-बारा तास चालले तर दिवसाला सव्वातीन युनिट वाचतात. फ्रिज, टीव्ही, दिवे, मिक्सर, घरची पाण्याची मोटर धरून दोन म्हाताऱ्या माणसांचं घर दिवसाला पाच-सहा युनिटात आरामात बसतं. आपल्याकडे १ किलोवॅटला वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिट धरा. म्हणजे २ किलोवॅट भरपूर. तुम्ही सुट्टीत पोराबाळांसकट येणार आणि पुढेमागे एखादा एसी लागणारच असं वाटत असेल तर ३. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि ३ किंवा पुढे कितीही घेतलं तरी एकूण ७८ हजार सबसिडी, त्यामुळे घरगुतीत ३ च्या पुढे जायला फारसा अर्थ राहत नाही.

पण गावाकडचे लोक ज्यात फसतात ते ऐका. साधी ऑनग्रिड (म्हणजे बाहेरच्या लाइनीला जोडलेली, बॅटरी नसलेली) सिस्टीम लाइट गेली की बंद होते. भर उन्हात पॅनेल चकाकतायत आणि घरात पंखा बंद. खराबी नाही ती, मुद्दाम तशीच असते, नाहीतर तुमची वीज तारेत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल. लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, त्याचे पैसे वेगळे. माझा सल्ला, ऑनग्रिड घ्या आणि शेजारी आपला साधा इन्व्हर्टर-बॅटरी फक्त पंखे आणि दिव्यांवर. बीएलडीसी असले की तीच बॅटरी दुप्पट वेळ पुरते.

पॅनेल गच्चीला चिकटवून लावू नका, माणूस खालून वाकून जाईल एवढ्या उंचीवर, दक्षिणेकडे तोंड, १८-२० अंशाचा उतार. ३ किलोवॅटला तीनशेक स्क्वेअर फूट लागतं, तेवढ्या गच्चीवर सावली फुकट. आईंच्या झोपायच्या खोलीवर लावा.

सोलर वॉटर हीटर घेणार असाल तर बोअरचं पाणी आधी तपासा. माणमधे पाणी जड, क्षारांनी नळ्या आणि टाकी तीन-चार वर्षांत चुन्याने भरते. पावसाचं पाणी साठवून तेच हीटरला दिलं तर प्रश्नच नाही.

एकदा_बांधून_बसलेला

पावसाच्या पाण्याचं +१. १४०० फुटांचं छप्पर म्हणजे १३० चौ.मी., तुमच्याकडे पाऊस ४५०-५०० मिमी धरला तरी वर्षाला साठ हजार लिटर छपरावर पडतं. सगळं हाती लागत नाही, पण जोत्याखाली टाकी बांधायची असेल तर आत्ताच, नंतर होत नाही. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला व्हॉल्व ठेवा, मोरांचं काय काय असतं छपरावर.

माणदेशी_पोरगा

सगळ्यांचे मनापासून आभार. महिनाभराने लिहितोय कारण गावी जाऊन आलो.

जमिनीखालच्या पाइपचा विचार सोडला. ताईंना विपू (वेगळा निरोप) केली होती, त्यांनी सांगितलं की गुडगावजवळ टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या इमारतीत चार मीटर खोल बोगद्यांतून हवा खेळवून गार करतात, चालतं ते, पण माण तालुक्यात मुरूम आणि खाली काळा पाषाण फोडत चार मीटर जायचं म्हणजे विहीरच पाडा त्यापेक्षा.

प्लॅन उलटा केला. पश्चिमेला ओसरी आठ फूट, तिच्या मागे जिना, धान्याची खोली आणि बाथरूम. हॉल मधे, झोपायच्या दोन खोल्या उत्तर-पूर्वेला, किचन पूर्वेला आणि त्याला बाहेरून भांडी घासायचा ओटा. डबल हाइट गेली, त्याऐवजी हॉलवर उंच छोटं छप्पर आणि झडपा, दोरीने खालून उघडायच्या. ठेकेदार म्हणाला हे काय जुन्या वाड्यासारखं, आजकाल कोणी करत नाही. मी काही बोलायच्या आत आण्णांनीच त्याला सूर्याचा ४० अंश आणि २० अंश समजावून सांगितला, काठीने मातीत त्रिकोण काढून. पाठीमागे उभा राहून मी हसू दाबत होतो. एस्टीचं काय म्हणून विचारलं तर म्हणाले, ओसरीला जात्याच्या दगडाचे खांब घेऊ, काळेभोर, लांबून दिसतील.

जुन्या खोल्यांवर चुना मारला. त्याच स्टुलावर चढून रात्री हात लावला, अजून गार म्हणणार नाही पण हात ठेवून उभं राहता येतं. आई दोन रात्री आत झोपली, तिसऱ्या रात्री परत बाहेर, म्हणे वारं नाही आत.

आता एकच अडचण. नवीन जोत्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सहा फुटांवर कडुलिंब आहे, चांगला तीस वर्षांचा. ठेकेदार म्हणतो मुळं पाया फोडतील, तोडा. आई म्हणते झाड तोडलं तर घरात यायची नाही. पुढच्या बुधवारी आखणी आहे. काय करावं?

चुना_विटा_वाळू

तोडू नका, कोपऱ्यावरचं झाड म्हणजे तुमचा दुपारी तीनपासूनचा एसी आहे. पण सहा फूट फार जवळ झालं, बाथरूमचं ओलं त्याच कोपऱ्यात आलं तर मुळं तिकडेच वळतील. रानात जागा आहे ना? आखं जोतं दहा-बारा फूट पूर्वेला सरकवा, बाथरूम आणि जिना अदलाबदल करा म्हणजे ओलं झाडापासून लांब. बुधवारच्या आत चुन्याची फक्की टाकून फोटो पाठवा, बघून सांगते.

माणदेशी_पोरगा

बारा फूट सरकवलं तर पूर्वेला बोअरच्या केसिंगवर येतंय. नऊ चालेल का?

चुना_विटा_वाळू

नऊ चालेल. झाडाच्या बाजूचा पाया अजून दोन फूट खोल घ्या.